देशाचे धान्यकोठार : शेतकऱ्याचा घाम आणि सरकारचा शब्द



आपण ऊसवाले. आपला वर्षाचा सगळा हिशेब लागण, खोडवा, तोड, वजनकाटा आणि पहिली उचल याभोवती फिरतो. 'देशाची अन्नसुरक्षा' हे शब्द कानावर आले की हा पंजाब-हरियाणातल्या गहूवाल्यांचा आणि दिल्लीतल्या साहेबलोकांचा विषय, असे म्हणून आपण पान उलटतो. पण आपल्याही घरची डाळ बहुतेक वेळा दुकानातून येते. आपल्याही गावात रेशनचे दुकान आहे. आणि आपली साखर तर कित्येक वर्षे रेशनवरच विकली गेली. तेव्हा देशाचे कोठार कसे भरते, त्यात शेतकऱ्याने काय करायचे, सरकारने काय करायचे आणि दोघांपैकी एकाने हात आखडला की काय होते, हे या लेखात आम्ही थोडे विस्ताराने मांडत आहोत. शेवटी आपल्या उसाच्या सरीत करता येण्यासारखी एक गोष्टही सांगितली आहे.

जहाजाकडे डोळे लावून बसलेला देश

सन १९६४-६५ साली देशात ८९४ लाख टन अन्नधान्य पिकले. पुढच्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि १९६५-६६ साली उत्पादन ७२३ लाख टनांवर घसरले. त्याच्या पुढचे वर्षही दुष्काळीच गेले. १९६६ साली आपल्याला परदेशातून एक कोटी टनांहून अधिक धान्य आणावे लागले. त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' या योजनेतला गहू होता. जहाज बंदराला लागायचे, तिथून वाघिणी भरायच्या आणि रेशनच्या दुकानावर माल पोचायचा. जहाजाला उशीर झाला तर दुकानापुढची रांग तशीच उभी. ते जहाज केव्हा सोडायचे हे अमेरिकेचे सरकार आपल्या सोयीने ठरवत असे. ज्याच्या हातात आपली भाकरी, त्याच्यापुढे मान वर करून बोलता येत नाही, हे त्या दोन वर्षांत सगळ्या देशाला कळून चुकले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते याच काळात.

महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना यापेक्षा १९७२ चा दुष्काळ जास्त आठवतो. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आठवते. खडी फोडायला गेलेल्यांमध्ये कालपर्यंत दुसऱ्याला धान्य देणारे शेतकरी होते. शेतकरी म्हटला की त्याच्या पोटाची सोय झालीच, असे समजायचे कारण नाही.

मग काय बदलले?

नवीन बियाणे आले आणि हरितक्रांती झाली, एवढेच आपण ऐकलेले असते. ते अर्धेच खरे आहे. खरी गोष्ट अशी की तीन कामे बरोबरीने झाली.

पहिले काम बियाण्याचे. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेले बुटके गव्हाचे वाण डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे तपासले. आधी शेतकऱ्यांच्या स्वतःच्या रानात प्रात्यक्षिके घेतली. मग १९६६ साली १८,००० टन बियाणे मेक्सिकोहून आणले. त्या वेळचे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी हा निर्णय टीका सोसून घेतला.

दुसरे काम भावाचे. एल. के. झा समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला गेला. प्रा. मो. ल. दांतवाला हे त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे १९८५ साली त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग असे झाले. पिकाला किमान भाव काय मिळावा याची शिफारस सरकारला करणे, हे त्याचे काम.

तिसरे काम खरेदीचे. जानेवारी १९६५ मध्येच भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले. भाव कागदावर जाहीर करून भागत नाही. त्या भावाने माल घेणारा कोणीतरी बाजारात उभा पाहिजे. महामंडळ तसा उभा राहिला.

परिणाम काय झाला पहा. १९६४-६५ साली १२३ लाख टन असलेला गहू १९६७-६८ साली १६५ लाख टनांवर गेला आणि १९७१-७२ साली २६४ लाख टन झाला. १९६८ च्या सुगीत पंजाबात गहू ठेवायला गोदामे पुरेनात, तेव्हा शाळांच्या खोल्या रिकाम्या करून तिथे पोती रचली. दोन वर्षांपूर्वी जहाजाची वाट पाहणाऱ्या देशाची ही गोष्ट आहे.

आता विचार करा. नुसते बियाणे मिळाले असते आणि घेणारा नसता तर? पहिल्याच चांगल्या सुगीला भाव कोसळला असता. खतासाठी आणि बोअरसाठी काढलेले कर्ज अंगावर आले असते आणि दुसऱ्या वर्षी शेतकरी पुन्हा जुन्या गव्हाकडे वळला असता. उलट सरकारने भाव दिला आणि शेतकऱ्याने नवे बियाणे धरायचे धाडसच केले नाही, तर कोठारात काय पडले असते? टाळी एका हाताने वाजत नाही. कोठारही एका हाताने भरत नाही.

हमीभाव आणि आपली एफ. आर. पी.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. तो आपल्या धंद्यातूनच चांगला समजेल.

उसाला जो दर मिळतो त्याच्यामागे कायदा आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ठरलेल्या दरापेक्षा कमी दर कारखान्याला देता येत नाही. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज, अशी त्यात तरतूद आहे. आधी याला किमान वैधानिक दर म्हणत. २००९-१० च्या हंगामापासून तो 'वाजवी व किफायतशीर दर', म्हणजे एफ. आर. पी. झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो टनाला ३,५५० रुपये ठरला. हा आदेश सगळीकडे वेळेवर पाळला जातो असे नाही, हे सभासदांना वेगळे सांगायला नको. पण पाळला नाही तर बोट दाखवायला कलम आहे.

धान्य-कडधान्याच्या हमीभावाचे तसे नाही. सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करते. पण त्यापेक्षा कमी भावाने व्यापाऱ्याने खरेदी करू नये, असा देशाला लागू असलेला कायदा नाही. जिथे सरकारचे खरेदी केंद्र उघडते तिथे हमीभाव हा खरोखर भाव असतो. जिथे केंद्र नाही तिथे तो नुसता आकडा असतो. शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले होते की, हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल घालणारे शेतकरी देशात जेमतेम सहा टक्के आहेत. गहू आणि भात पिकवणाऱ्या काही राज्यांत ही साखळी पक्की आहे. डाळी आणि तेलबियांत ती वरचेवर तुटते.

उसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरू नये. १९६७-६८ पासून साखरेवर अंशतः नियंत्रण होते. त्या वर्षी कारखान्याच्या साखरेपैकी ६० टक्के साखर लेव्ही म्हणून सरकारने ठरवलेल्या भावाने रेशनसाठी द्यावी लागे. उरलेली ४० टक्के खुल्या बाजारात विकायची. पुढे मधली एक-दोन वर्षे नियंत्रण उठले, पुन्हा बसले, प्रमाण कमी-कमी होत दहा टक्क्यांवर आले आणि रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर २०१३ साली लेव्ही बंद झाली. म्हणजे सणावाराला गरिबाच्या घरी जी साखर गेली, तिच्यात आपल्या वाडवडिलांच्या ऊसबिलातले चार पैसे आहेत. ऊसवाल्याने देशासाठी काय केले, असे कोणी विचारले तर हे सांगावे.

तुरीने शिकवलेला धडा

शब्द मोडला की काय होते, याचे जवळचे उदाहरण तुरीचे आहे.

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. सरकारने कडधान्ये वाढवा म्हणून आवाहन केले आणि २०१६-१७ साठी तुरीचा हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये केला. पाऊसही बरा झाला. शेतकऱ्याने शब्द मानला आणि तूर पेरली. देशातली तूर एका वर्षात २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेली. सगळी कडधान्ये मिळून १६३ लाख टनांची २३१ लाख टन झाली. देशाने मागितले त्यापेक्षा शेतकऱ्याने जास्तच दिले.

आणि मग? त्याच वर्षी परदेशातून ६० लाख टनांहून अधिक कडधान्ये देशात आली. इकडे महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, गोदामे भरली, वजनकाटे बंद पडले. २०१७ च्या उन्हाळ्यात शेतकरी तुरीची वाहने घेऊन केंद्राबाहेर दिवसेंदिवस बसून होते. ज्याला थांबणे परवडले नाही त्याने हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला माल दिला. शेतकरी काय समजायचे ते समजला. २०१८-१९ साली तूर पुन्हा ३३ लाख टनांवर आली. आणि २०२४-२५ साली आपण ७० लाख टनांहून जास्त कडधान्ये बाहेरून आणली.

म्हणजे १९६६ साली गव्हासाठी जे जहाज बंदराला लागत होते, तेच आज डाळीसाठी लागते. फरक इतकाच की आता आपण रोख पैसे मोजतो. त्यातले काही पैसे आपल्या शेतकऱ्याच्या हातात पडायला काय हरकत आहे?

सरकारचीही बाजू बघू

हे वाचून 'सगळा दोष सरकारचा' असे म्हणणे सोपे आहे. पण न्याय दोन्हीकडून पाहावा.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. माणशी महिन्याला पाच किलो, आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. हे लोक ८० कोटींच्या आसपास आहेत. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. करोनाच्या साथीत कामे बंद पडली तेव्हा याच कोठाराने घरोघरच्या चुली पेटत्या ठेवल्या. एवढे धान्य दर महिन्याला पोचवायचे तर आधी ते गोदामात आले पाहिजे.

२०२२ साली काय झाले बघा. मार्चमध्ये अवेळी उष्णतेची लाट आली आणि गव्हाचा दाणा बारीक राहिला. तिकडे युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि बाजारभाव २,०१५ रुपयांच्या हमीभावाच्या वर गेला. शेतकऱ्याने जास्त भावाने व्यापाऱ्याला गहू घातला. त्यात त्याचे काही चुकले नाही. पण आदल्या वर्षी ४३३ लाख टन गहू घेणारे सरकार त्या वर्षी १८८ लाख टनच घेऊ शकले. १३ मे २०२२ रोजी निर्यात बंद करावी लागली आणि काही राज्यांत रेशनवर गव्हाऐवजी तांदूळ द्यावा लागला. आपल्याला सरकारची जेवढी गरज आहे, तेवढीच सरकारला आपली आहे, हे यातून दिसते.

फक्त अडचण आली की खेळ चालू असताना नियम बदलायचे, हे बरोबर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गळीत हंगाम चालू असताना उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरण्यावर अचानक बंधन आले. त्यासाठी कर्जे काढून प्रकल्प उभे केलेल्या कारखान्यांची काय तारांबळ उडाली, ते आपण पाहिले आहे. ते बंधन पुढच्या हंगामासाठी उठले. साखर कमी पडेल ही सरकारची भीती समजू शकते. पण भाव असो, आयात असो की निर्यात असो, धोरण लागणीच्या आधी सांगावे आणि माल निघेपर्यंत टिकवावे. एवढे झाले तरी शेतकऱ्याचा निम्मा घोर कमी होईल.

दोघांच्या मध्ये सहकार

सरकार लांब आहे आणि शेतकरी एकटा आहे. या दोघांमधला सांधा म्हणजे सहकारी संस्था. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो असाच. विठ्ठलराव विखे-पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, डॉ. धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांचे मार्गदर्शन मिळाले, आणि सरकारनेही भांडवलाला हात दिला. एकेकट्या शेतकऱ्याच्या अर्जाला टपालात जागा मिळते. हजार सभासदांच्या ठरावाला उत्तर द्यावे लागते. गाव करील ते राव काय करील, ही म्हण उगीच पडली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाला मंजुरी दिली. ११,४४० कोटी रुपये खर्चाची ही योजना २०३०-३१ पर्यंतची आहे आणि कडधान्याचे उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तूर, उडीद आणि मसूर चार वर्षे, जेवढी शेतकरी देतील तेवढी हमीभावाने घेऊ, असा शब्द त्यात दिला आहे. शब्द चांगला आहे. २०१७ ची आठवण ठेवून तो पाळून घेणे हे आपलेही काम आहे. हरभरा या तीन पिकांत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हरभऱ्याची खरेदी होते, पण तिला मर्यादा असते.

आपल्या सरीत काय करता येईल?

ऊस मोडून डाळ पेरा, असे आम्ही सांगत नाही. तसे सांगितले तर सभासद हा अंक बाजूला ठेवतील. पण उसाची लागण केल्यावर पहिले तीन-साडेतीन महिने दोन सरींमधली जागा मोकळीच असते. तिथे आपण तण वाढवतो आणि ते काढायला मजुरी मोजतो. त्याच जागेत डाळीचे पीक घेता येते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीत हरभरा चांगला बसतो. करताना एवढे सांभाळावे :

१) विजय, दिग्विजय यांसारखा मर रोगाला दाद न देणारा वाण घ्यावा. बियाण्याला रायझोबियम चोळून वरंब्याच्या बगलेला टोकण करावी.

२) हरभऱ्याला उसाइतके पाणी चालत नाही. वाफसा पाहून हलके पाणी द्यावे. ठिबक असेल तर उत्तम. चिबड रानात हा नाद करू नये.

३) उसात तणासाठी नेहमी मारतो ती ॲट्राझीन किंवा २-४-डी मारू नये. ऊस टिकेल, हरभरा जळून जाईल. एखादी खुरपणी करावी.

४) घाटे अळीसाठी सुरुवातीपासून कामगंध सापळे आणि पक्षी बसायला काठ्या लावाव्यात.

५) हरभरा साधारण साडेतीन महिन्यांत निघतो. तो काढून मगच उसाची मोठी बांधणी करावी. भुसकट सरीत गाडावे. मुळांवरच्या गाठींतला नत्र उसाला मिळतो तो वेगळाच.

आडसालीत सोयाबीन किंवा भुईमूग आणि सुरू लागणीत भुईमूग हेही घेता येतात. ऊसबिलाची वाट पाहावी लागते त्या काळात हे हातात पडणारे पैसे खुरपणी आणि खताच्या कामी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. हमीभावाने माल घालायचा तर सात-बारावर त्या पिकाची नोंद लागते. आपण ई-पीक पाहणीत सवयीने नुसता 'ऊस' लावतो. मग हरभऱ्याची पोती घेऊन केंद्रावर गेलो की 'तुमच्या उताऱ्यावर हरभरा नाही' म्हणून परत पाठवतात. म्हणून नोंद करताना 'मिश्र पीक' निवडून ऊस आणि हरभरा दोन्ही लावावेत. केंद्रावरची नावनोंदणी सुगीच्या आधीच सुरू होते. तिला आधार, बँक पासबुक आणि ताजा उतारा लागतो. माल वाळवून, चाळून न्यावा, म्हणजे ओलाव्याच्या नावाखाली कोणी परत पाठवणार नाही. रब्बी २०२५-२६ च्या हरभऱ्याला ५,८७५ रुपयांचा हमीभाव जाहीर झाला होता. बाजारात त्याहून जास्त मिळाले तर बाजारात विकावे. हमीभाव ही शेवटची पायरी आहे. तिच्याखाली उतरायचे नाही, एवढेच.

आणखी एक. आपला ऊस तोडायला बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. सहा-सहा महिने ही माणसे घर सोडून फडावर राहतात. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे त्यांना आपल्या गावातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येते. पुष्कळांना हे माहीत नसते. सभासदांनी आपल्या फडावरच्या मुकादमाला हे जरूर सांगावे. ज्याच्या कोयत्यावर आपला गळीत हंगाम चालतो, त्याच्या ताटात भाकरी असणे हीसुद्धा अन्नसुरक्षाच आहे.

सभासदांना विनंती की, आंतरपीक घेणार असाल तर लागणीच्या नोंदीबरोबर गट ऑफिसात तेही लिहून द्यावे. कोणत्या गटात किती एकर हरभरा, सोयाबीन आहे याचा आकडा हातात असला, तर तालुक्याला खरेदी केंद्र वेळेवर उघडा, बारदाना आधी पाठवा, असे कारखान्याला संस्थेच्या नावाने मागता येईल. आकड्यावाचून केलेली मागणी कोणी मनावर घेत नाही. पीक आपण देऊ. भाव आणि खरेदीचा शब्द सरकारने पाळावा. आणि तो पाळला जातो की नाही, यावर आपण सगळ्यांनी मिळून नजर ठेवावी.